कृतज्ञता आणि मत

व्यवहारांत जो मनुष्य उपकारकर्त्यास विसरतो त्यास आपण कृतघ्न म्हणतों, आणि तसें म्हणतांना आपल्या मनास कांहीं शंका येत नाहीं. परंतु हाच शब्द एखाद्या गांवास, तालुक्यास किंवा राष्ट्रास लावण्याचा प्रसंग आला म्हणजे विचारी मनुष्य क्षणभर थबकतो. ज्यानें आयुष्यभर लोकांचीं कामें केलीं त्यास लोकांनीं निवडणुकींत पाडलें, तर ते लोक कृतघ्न ठरतात काय? आणि उलटपक्षीं, केवळ पूर्वींच्या उपकारांची आठवण ठेवून त्यांनीं त्यासच, किंवा त्याच्या मागें त्याच्या मुलानातवास, निवडून दिलें, तर ते स्तुतीस पात्र होतात, कीं कर्तव्य विसरल्याच्या दोषास? थोडक्यांत, मत हें ऋण फेडण्याचें साधन आहे काय?

ह्या प्रश्नाची चर्चा केवळ तत्त्वांच्या आधारें करूं गेल्यास ती लवकरच हवेंत विरून जाते. म्हणून आम्ही येथें एका मतदारसंघाचा इतिहास डोळ्यांपुढें ठेवणार आहों. सोलापूर जिल्ह्यांतील सांगोला हा विधानसभेचा मतदारसंघ म्हणजे कृतज्ञता आणि मत ह्यांच्या संबंधाचा, कोणी मुद्दाम न मांडलेला, पण साठ वर्षांहून अधिक काळ चाललेला एक प्रयोगच होय. तेथील कोणा उमेदवाराची स्तुति अगर निंदा करणें हा आमचा हेतु नाहीं. तेथील निकालांवरून मतदाराच्या कर्तव्याविषयीं काय शिकतां येईल, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

सांगोला हा माणदेशाचा मुलूख. पाऊस थोडा, आणि तोहि लहरी. माण नदीचें पात्र वर्षांतील बराच काळ कोरडें. अलीकडे डाळिंबाच्या बागांनीं ह्या तालुक्यास नांव मिळवून दिलें असलें, तरी दुष्काळ हाच येथील जुना आणि सर्वांच्या परिचयाचा पाहुणा. अशा मुलखांत राजकारणाचा अर्थ फार साधा असतो : पाणी कोण आणील, आणि तें येईपर्यंत आमच्या दाराशीं कोण उभा राहील? ज्या प्रदेशांत निसर्गानें हात आंखडता घेतला आहे तेथें मनुष्यानें केलेला उपकार अधिक मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच कृतज्ञतेचा प्रश्न सुपीक मुलखापेक्षां येथें अधिक तीव्रतेनें उभा राहतो.

१ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें व १९६२ सालीं नव्या राज्याच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. २६४ जागांपैकीं २१५ जागा काँग्रेसनें जिंकल्या. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृति मंडळींनीं १९४७ सालीं स्थापिलेल्या शेतकरी कामगार पक्षाच्या वांट्यास अवघ्या १५ जागा आल्या. त्या पंधरांत सांगोल्याची एक होती, आणि ती जिंकणारे होते गणपतराव देशमुख. पुढें १९६७ सालीं ते पुन्हां निवडून आले. १९७२ सालीं काँग्रेसच्या प्रचंड लाटेंत, जिनें २७० पैकीं २२२ जागा गिळल्या, त्यांचा पराभव झाला. परंतु दोनच वर्षांनीं, १९७४ च्या पोटनिवडणुकींत, तालुक्यानें त्यांस परत बोलाविलें. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० अशा चार निवडणुका त्यांनीं ओळीनें जिंकल्या. १९९५ सालीं काँग्रेसचे श्री. शहाजीबापू पाटील यांनीं त्यांस हरविलें, आणि तें केवळ १९२ मतांनीं. १९९९ सालीं देशमुख परत आले, व २००४, २००९ आणि २०१४ ह्या तिन्ही वेळां टिकून राहिले. एकंदर अकरा वेळां ह्या तालुक्यानें एकाच मनुष्यास, आणि तेंहि एकाच पक्षाच्या नांवावर, विधानसभेंत पाठविलें.

एवढ्या दीर्घ काळांत त्यांचा पक्ष वाढत नव्हता, आक्रसत होता. १९७८ सालीं विधानसभेंत त्याचे १३ आमदार होते. २०१४ सालीं ३ उरले. देशमुख मंत्रिपदावर बसले ते दोनदांच : १९७८ सालीं शरद पवार यांच्या सरकारांत, आणि १९९९ नंतर विलासराव देशमुख यांच्या सरकारांत. बाकीचा सर्व काळ विरोधी बांकांवर गेला. एस्. टी. च्या गाडीनें प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची कीर्ति महाराष्ट्रभर झाली. तालुक्यांत त्यांस सर्वजण आबासाहेब म्हणत. सहकारी सूतगिरणी उभी करणें, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासमवेत आटपाडीच्या पाणी परिषदांतून कृष्णेचें पाणी दुष्काळी तालुक्यांस मिळावें म्हणून वर्षानुवर्षें आग्रह धरणें, हीं त्यांचीं कामें सर्वश्रुत आहेत. टेंभू आणि म्हैसाळ ह्या उपसा योजनांचें पाणी माणदेशाच्या वाटेस लागलें तें एका निवडणुकीच्या मुदतींत नव्हे, तर अनेक निवडणुकांच्या मुदतींत मिळून.

आतां त्या १९२ मतांकडे वळूं. तेहतीस वर्षांपूर्वीं प्रथम निवडून आलेल्या, हात स्वच्छ ठेवलेल्या प्रतिनिधीस १९९५ सालीं तालुक्यानें नाकारलें. त्यास कृतघ्नपणा म्हणावयाचें काय? म्हणावयाचें झाल्यास तो कोणाचा? ज्या हजारों मतदारांनीं दुसऱ्यास मत दिलें त्या सर्वांचा, कीं अखेरच्या १९२ जणांचा? प्रश्न असा मांडतांच त्यांतील विसंगति उघड होते. कृतज्ञता हा व्यक्तीचा गुण आहे. निकाल ही समूहाची कृति आहे. अर्ध्या तालुक्यानें आठवण ठेवली आणि अर्ध्यानें ठेवली नाहीं असें म्हणणें म्हणजे हजारों मनांतील हजारों कारणें एका शब्दांत कोंबणें होय. ज्यानें त्या वर्षीं दुसऱ्यास मत दिलें त्याच्या मनांत उपकारांची विस्मृतिच होती असें कशावरून? सत्तेच्या जवळ असलेला आमदार पाणी लवकर आणील, असा त्याचा प्रामाणिक हिशेब असूं शकेल. मुलांच्या पुढच्या वीस वर्षांकडे पाहून त्यानें मागच्या तेहतीस वर्षांस नमस्कार केला असेल, आणि तरीहि मत दुसरीकडे टाकलें असेल.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. १९९५ सालीं सांगोल्यानें काँग्रेसचा आमदार निवडला, आणि त्याच वर्षीं मुंबईंत मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखालीं शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांचें सरकार आलें. म्हणजे ज्यानें सत्तेचा हिशेब करून मत दिलें असेल त्याचा हिशेब निकालाच्या दिवशींच चुकला. पुढें कृष्णा खोरें विकास महामंडळ १९९६ सालीं स्थापन झालें तें ज्या सरकारच्या हातून, त्या सरकारांत सांगोल्याचा ना जुना आमदार होता ना नवा. भविष्याचा हिशेब करून दिलेलें मतहि किती आंधळें असूं शकतें, ह्याचें हें चांगलें उदाहरण आहे. मत हें केवळ भविष्याकडे पाहूनच द्यावें असें म्हणणारांनीं ह्या उदाहरणाचा विचार केला पाहिजे.

आतां मूळ प्रश्नाच्या दोन्ही बाजू क्रमानें तपासूं. पहिला पक्ष म्हणतो कीं, प्रतिनिधीनें केलेलें काम हें मतदारावरील ऋण असून मत ही त्याची परतफेड होय. ह्या म्हणण्यांत माणुसकीचा मोठा अंश आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. आजारपणांत धांवून आलेल्या शेजाऱ्यास जो विसरत नाहीं तोच मनुष्य, रोजगाराच्या कामावर मजुरी मिळवून देणाऱ्या आमदारासहि विसरत नाहीं. आणि अशा मनुष्यास तुझी आठवण खोटी आहे असें सांगणें क्रूरपणाचें होईल. परंतु ऋण फेडावयाचें तें आपल्या मालकीच्या वस्तूनें. दुसऱ्याच्या तिजोरींतून आपलें कर्ज फेडणारास आपण प्रामाणिक म्हणत नाहीं. मत ही मतदाराच्या मालकीची वस्तु आहे काय? ती विकतां येत नाहीं, दान देतां येत नाहीं, गहाण ठेवतां येत नाहीं. तिचा परिणाम केवळ त्याच्यावर होत नसून, ज्यांस मतच नाहीं अशा मुलांवर, शेजारच्या गांवावर, सबंध राज्यावर होतो. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८६१ सालीं प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील आपल्या ग्रंथांत मत हा विश्वस्तनिधि आहे, असें प्रतिपादन केलें तें ह्याच कारणानें. विश्वस्तानें स्वतःच्या कृतज्ञतेपोटीं ट्रस्टचा पैसा कोणास देऊं नये. मग तो घेणारा कितीहि सज्जन असो.

मिलनें ह्याच विचारावरून पुढें असें अनुमान काढिलें कीं, मत हा विश्वस्तनिधि असल्यामुळें तें उघडपणें दिलें पाहिजे. विश्वस्तानें आपला व्यवहार लपवूं नये. इतिहासानें हें अनुमान स्वीकारलें नाहीं. इंग्लंडांत १८७२ सालीं गुप्त मतदानाचा कायदा झाला, आणि भारतानें तर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनच गुप्त मतदान स्वीकारलें. आमच्या विषयाच्या दृष्टीनें ह्या गुप्ततेचें महत्त्व असाधारण आहे. पडद्याआड शिक्का मारणारा, किंवा आज यंत्राचें बटण दाबणारा मतदार, आपण कोणाचें ऋण फेडलें हें कोणासहि सिद्ध करून दाखवूं शकत नाहीं. ज्या कर्जाची पावती मिळत नाहीं आणि ज्याची वसुली करतां येत नाहीं, तें कर्जच नव्हे. गुप्त मतदान हें धाकदपटशापासून संरक्षण म्हणून आलें हें खरें. परंतु तें उपकारकर्त्याच्या सौम्य, हंसतमुख वसुलीपासूनहि तितकेंच संरक्षण आहे. सावकार आणि परोपकारी दोघांचेहि हात त्या पडद्यानें बाहेरच थोपविले आहेत.

दुसरा पक्ष याच्या अगदीं उलट टोंकास जातो. तो म्हणतो कीं, मागच्या कामाचें मोल मागच्या निवडणुकींत दिलें गेलें. मत हें पुढील पांच वर्षांसाठीं आहे, म्हणून मतदारानें पुढेंच पाहावें, मागें पाहूं नये. हें म्हणणें वरवर करारी आणि स्वच्छ दिसतें, पण तें टिकत नाहीं. भविष्य कोणासच दिसत नाहीं. १९९५ च्या उदाहरणानें तें आपण पाहिलेंच. उमेदवारांचीं वचनें सर्व सारखींच गोड असतात. अमका मनुष्य उद्यां कसा वागेल हें जाणण्यास तो काल कसा वागला ह्यापरतें दुसरें साधन मनुष्यजातीजवळ नाहीं. तेव्हां आठवण काढून टाकली तर निवडीचा आधारच जातो.

याहूनहि महत्त्वाचें असें एक कारण आहे. दुष्काळी मुलखांतील मोठीं कामें संथ असतात. नदीचें पाणी शेंकडों फूट वर उचलून दूरच्या तालुक्यांत नेण्याची योजना कागदावर येण्यास, मंजूर होण्यास, तीस पैसा मिळण्यास आणि अखेर शेतापर्यंत पाट पोंचण्यास कित्येक वर्षें लागतात. मतदारांची स्मृति पांच वर्षांचीच असेल, तर कोणता प्रतिनिधि असें काम हातीं घेईल? तो रस्त्यावर खडी टाकील, कमानी उभारील, देवळास रंग देईल. ज्याचें फळ मुदतींत दिसेल तेंच करील. ज्या समाजांत कोणी आठवण ठेवीत नाहीं त्या समाजांत आंब्याचें झाड कोणी लावीत नाहीं. मतदारांची दीर्घ स्मृति ही म्हणून केवळ भावना नव्हे. ती सार्वजनिक कार्याची एक आवश्यक अट आहे. सांगोल्यानें एका मनुष्यास पन्नास वर्षांत अकरा वेळां संधि दिली, म्हणूनच पाण्यासारखा संथ प्रश्न तितकीं वर्षें धरून बसणारा आवाज त्यास मिळाला.

ह्या दोन पक्षांमध्यें आम्हांस जो मार्ग दिसतो तो असा. कृतज्ञतेचे दोन अंश आहेत : एक ओळख आणि दुसरा परतफेड. अमक्यानें अमुक केलें, तें कठीण होतें, तें त्यानें स्वार्थासाठीं केलें नाहीं, हें जाणणें म्हणजे ओळख. ह्या ओळखीवांचून मतदार न्याय करूंच शकत नाहीं. परंतु त्या ओळखीबद्दल कांहीं देणें लागतों, आणि तें मतानेंच दिलें पाहिजे, असें समजणें म्हणजे परतफेड. पहिला अंश मतदानाच्या खोलींत आंत यावा. दुसऱ्यानें बाहेर थांबावें. न्यायालयाची भाषा वापरावयाची तर, कृतज्ञतेस साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत अवश्य बोलवावें, तिची साक्ष शेवटपर्यंत ऐकून घ्यावी. मात्र तिला न्यायासनावर बसवूं नये.

साक्षच ऐकून घेतली नाहीं म्हणजे काय होतें, ह्याची एक जुनी कथा प्लुटार्कनें सांगितली आहे. अथेन्समध्यें इ. स. पूर्व ४८२ च्या सुमारास अॅरिस्टायडीज यास हद्दपार करण्यासाठीं मतें घेतलीं जात होतीं. एका निरक्षर मनुष्यानें, त्यास न ओळखतां, त्याच्याच हातीं खापरी देऊन तीवर अॅरिस्टायडीजचें नांव लिहावयास सांगितलें. त्यानें तुझें काय वाईट केलें, असें विचारतां तो म्हणाला कीं, कांहीं नाहीं, पण सगळीकडे त्यास न्यायी म्हणतात, तें ऐकून मी कंटाळलों. अॅरिस्टायडीजनें मुकाट्यानें नांव लिहून दिलें. हा मतदार कृतघ्न होता असें आम्ही म्हणणार नाहीं. तो बेजबाबदार होता. त्यानें पुराव्याविरुद्ध निर्णय दिला नाहीं; पुरावा पाहिलाच नाहीं. दोन वर्षांनींच संकट आलें तेव्हां अथेन्सनें त्याच अॅरिस्टायडीजला परत बोलाविलें.

आणि साक्षीदारच न्यायासनावर बसला म्हणजे काय होतें, ह्याचा इशारा आपल्या राज्यघटनेच्या शिल्पकारानेंच देऊन ठेविला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना समितींतील आपल्या भाषणांत डॉ. आंबेडकर यांनीं, देशसेवा केलेल्या थोर पुरुषांविषयीं कृतज्ञ असण्यांत गैर कांहीं नाहीं, परंतु त्या कृतज्ञतेस मर्यादा आहे, आणि राजकारणांतील भक्ति ही अधःपाताची वाट आहे, अशा आशयाचे उद्गार काढले. पुढें १९५२ सालीं मुंबईंतून आणि १९५४ सालीं भंडाऱ्यांतून ते स्वतः लोकसभेसाठीं उभे राहिले, व दोन्ही ठिकाणीं पराभूत झाले. देशावर ज्यांचे उपकार इतके उघड होते त्यांस मतदारांनीं निवडलें नाहीं. ह्या निकालांबद्दल आज कित्येकांस खंत वाटते व ती स्वाभाविक आहे. परंतु ह्या पराभवांनीं त्यांच्या कार्याचें मोल तिळभरहि कमी झालें नाहीं. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कृतज्ञता व्यक्त करण्याचें मत हें एकमेव साधन नाहीं, आणि उत्तम साधन तर नाहींच. ज्या ऋणाची फेड स्मरणानें, अनुकरणानें आणि कार्य पुढें चालविण्यानें व्हावयाची, तें एका शिक्क्यानें फिटलें असें समजणें म्हणजे तें ऋणच हलकें करणें होय.

आतां ह्या प्रश्नाच्या सर्वांत कठीण भागाकडे येऊं. २०१९ सालीं वयोमानामुळें गणपतराव देशमुख उभे राहिले नाहींत. पक्षानें प्रथम घराबाहेरील एका कार्यकर्त्याचें नांव पुढें आणिलें. परंतु कार्यकर्त्यांच्या आग्रहामुळें तें मागें पडून त्यांचे नातू श्री. अनिकेत देशमुख उमेदवार झाले. श्री. शहाजीबापू पाटील यांनीं, ह्या वेळीं शिवसेनेच्या वतीनें, ती निवडणूक ७६८ मतांनीं जिंकली. १९९५ च्या विजयानंतर दुसऱ्या विजयासाठीं त्यांस चोवीस वर्षें थांबावें लागलें होतें, ही चिकाटीहि नमूद करण्यासारखी आहे. २०२१ च्या जुलै महिन्यांत गणपतराव वारले. २०२२ सालीं शिवसेनेंत फूट पडली, तेव्हां श्री. पाटील हे श्री. एकनाथ शिंदे यांच्यासमवेत गेले, आणि गुवाहाटीहून दूरध्वनीवर त्यांनीं केलेल्या निसर्गवर्णनामुळें त्यांचें नांव राज्यांतील घराघरांत पोंचलें. पुढें २०२४ सालीं गणपतरावांचे दुसरे नातू श्री. बाबासाहेब देशमुख यांनीं त्यांचा पंचवीस हजारांहून अधिक मतांनीं पराभव केला. सबंध विधानसभेंत शेतकरी कामगार पक्षाची तेवढी एकच जागा आली.

येथें ऋणाचा सिद्धांत आपल्या खऱ्या स्वरूपांत उघडा पडतो. मत हें ऋण असेल, तर ऋणको आणि धनको दोघांच्याहि पश्चात् तें वारसांकडे जाणें क्रमप्राप्त आहे. आपल्या धर्मशास्त्रांत पित्याचें व पितामहाचें कर्ज फेडणें हें पुत्रपौत्रांचें कर्तव्य मानिलें होतें. त्याच न्यायानें आजोबांनीं उपकार घेतलेल्या मतदाराच्या नातवानें, उपकार करणाऱ्याच्या नातवास मत दिलें पाहिजे असें होईल. मग जागा ही जागा राहत नाहीं. ती वतन होते. वतन म्हणजे काय हें महाराष्ट्रास सांगावयास नको. कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं. मुलकी पाटलांचीं पदें रद्द करणारा कायदा १९६२ चा. म्हणजे ज्या वर्षीं सांगोल्यानें प्रथम गणपतराव देशमुख यांस निवडलें त्याच वर्षीं महाराष्ट्रानें पाटिलकीस निरोप दिला. ज्या पक्षानें शेतकरी आणि कामकरी यांच्या नांवानें जन्म घेतला, त्याच्या एकुलत्या एका जागेविषयीं वारसाची भाषा निघावी, हें त्या पक्षाच्या मित्रांसहि विचार करावयास लावील.

परंतु ह्यावरून नातवानें उभेंच राहूं नये, किंवा राहिल्यास त्यास मत देऊं नये, असा निष्कर्ष निघत नाहीं. थोर मनुष्याच्या घरांत जन्म घेणें हा जसा गुण नव्हे तसा तो अपराधहि नव्हे. प्रश्न उमेदवाराच्या आडनांवाचा नसून मतदाराच्या कारणाचा आहे. आजोबांची रीत ह्याच्या अंगीं उतरली आहे, हा लोकांत वावरतो, ह्याच्याकडून पाण्याचें काम पुढें जाईल, असें पाहून व पारखून जो मत देतो तो ओळखीच्या बळावर निर्णय करतो. आजोबांचें मीठ खाल्लें म्हणून जो देतो तो वतन चालवितो. दोघांचीं मतें मोजतांना सारखींच मोजलीं जातात. नीतीच्या दृष्टीनें मात्र त्यांत अंतर पडतें. आणि हें अंतर बाहेरून कोणासच दिसत नसल्यामुळें, त्याचा न्याय ज्यानें त्यानें आपल्या मनाशींच केला पाहिजे.

लोक हा विवेक करूं शकतात, ह्याचीं उदाहरणें केरळांत सांपडतात. कोट्टयम जिल्ह्यांतील पाला येथून के. एम्. मणि हे १९६५ पासून तेरा वेळां निवडून आले. २०१९ सालीं त्यांच्या निधनानंतर झालेल्या पोटनिवडणुकींत त्यांच्या पक्षाचा पराभव झाला, आणि २०२१ सालीं त्यांचे चिरंजीव स्वतः उभे राहिले असतां तेहि हरले. त्याच जिल्ह्यांतील पुतुप्पळ्ळी येथून ओमन चंडी १९७० पासून बारा वेळां निवडून आले होते. २०२३ सालीं त्यांच्या निधनानंतर तेथील मतदारांनीं त्यांच्या चिरंजीवांस मोठ्या मताधिक्यानें निवडलें. एकाच जिल्ह्यांत, एकाच काळांत, एका मतदारसंघानें वारसास नाकारलें व दुसऱ्यानें स्वीकारलें. सांगोल्यानें तर पांच वर्षांच्या अंतरानें दोन्ही गोष्टी केल्या : २०१९ सालीं नातवास थोडक्यांत नाकारलें, २०२४ सालीं दुसऱ्या नातवास भरघोस स्वीकारलें. मत हें केवळ ऋण असतें तर २०१९ चा निकाल, आजोबा हयात असतांना, असा लागलाच नसता. आणि मत हें केवळ पुढच्याचा हिशेब असतें तर २०२४ चा निकाल, विधानसभेंत एकाकी पडणाऱ्या पक्षाच्या बाजूनें, लागला नसता.

एक आक्षेप अजून उरतो, आणि तो गंभीर आहे. गणपतराव देशमुख यांनीं एकच पक्ष धरून ठेविला, हें त्यांचें भूषण म्हणून सांगितलें जातें. परंतु त्या निष्ठेची किंमत कोणीं दिली? सत्ताधारी पक्षाच्या आमदारास जो निधि सहज मिळतो तो विरोधी आमदाराच्या तालुक्यास मिळत नसेल, तर प्रतिनिधीच्या तत्त्वनिष्ठेचा भार तहानलेल्या मतदारावर पडला असें कां म्हणूं नये? ह्याचें उत्तर आम्ही असें देतों कीं, जर तो भार प्रतिनिधीनें मतदारांपासून लपविला असता, तर तो अन्याय झाला असता. पण तो लपलेला नव्हता. दर निवडणुकींत तालुक्यास माहीत होतें कीं हा मनुष्य पक्ष बदलणार नाहीं. आणि तें माहीत असून त्यांनीं त्यास निवडलें. येथें मतदारांनीं उपकाराची फेड केली नाहीं, तर त्या निष्ठेंत स्वतः भागीदारी पत्करली. एडमंड बर्क यानें १७७४ सालीं ब्रिस्टलच्या मतदारांस निकालाच्या दिवशींच सांगितलें होतें कीं, आपण त्यांच्या आज्ञेप्रमाणें नव्हे तर स्वतःच्या विवेकाप्रमाणें वागूं. सहा वर्षांनीं मतदार विरुद्ध गेल्याचें पाहून त्यानें निवडणुकींतून माघार घेतली. दोन्ही बाजूंनीं व्यवहार सरळ झाला. स्पष्ट सांगणारा प्रतिनिधि आणि स्पष्ट नाकारणारा मतदार यांत कृतघ्न कोणीच नसतो.

ह्यावरून प्रतिनिधीच्या कर्तव्याचीहि एक मर्यादा ठरते. त्यानें उपकार करावे, पण हिशेबाची वही ठेवूं नये. आम्हीं तुमच्यासाठीं इतकें केलें, असें म्हणून मत मागण्यास तो आला कीं त्याचें काम सेवा न राहतां सावकारी होतें. आपलें काम त्यानें पुरावा म्हणून लोकांपुढें ठेवावें; दावा म्हणून ठेवूं नये. आणि पराभव झाला तर लोकांस कृतघ्न म्हणण्याचा मोह आवरावा. १९७२ आणि १९९५ ह्या दोन्ही पराभवांनंतर देशमुख पुन्हां त्याच लोकांपुढें उभे राहिले, आणि दोन्ही वेळां लोकांनीं त्यांस परत निवडलें. लोकांस दोष देत बसणाऱ्यास अशी दुसरी व तिसरी संधि क्वचित् मिळते.

तेव्हां मूळ प्रश्नास आमचें उत्तर हें कीं, मत हें ऋण फेडण्याचें साधन नव्हे. पण ऋणाची जाणीव नसलेल्या मनुष्यास चांगलें मत देतां येत नाहीं. वाचक ज्या कुटुंबांत हें मासिक वाचीत असतील त्यांत बहुधा दोन पिढ्यांचे मतदार असतील. वडील मंडळींस कोणाचे तरी उपकार आठवत असतील. अठरा वर्षांचें वय होऊन नुकताच मताधिकार मिळालेल्या मुलांस ते ऐकूनहि माहीत नसतील. वडिलांनीं ती हकीकत मुलांस अवश्य सांगावी, कारण त्यांच्यापाशीं दुसरा पुरावा नाहीं. परंतु सांगून झाल्यावर, मत कोणास द्यावें हें मात्र सांगूं नये. साक्ष देणें हें वडिलांचें काम. निकाल देणें हें ज्याचें त्याचें. इतकें पाळलें तर निकालाचें अंतर १९२ मतांचें असो कीं पंचवीस हजारांचें, हरलेल्यास लोकांवर रागावण्याचें आणि जिंकलेल्यास लोकांस आपलें ऋणी समजण्याचें कारण उरणार नाहीं.